मुकादम जेवत नाही

विम्याच्या कंपनीत दाव्यांचे कागद तपासण्यात ज्याचं निम्मं आयुष्य गेलंय, त्या माणसाला कुत्र्याचं खाणं निवडता येऊ नये, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. माझाही बसला नसता. बारीक अक्षर वाचणं हा माझा धंदा. इतर लोक जिथे सही करून मोकळे होतात, तिथे मी चष्मा पुसायला घेतो. आमच्या घरातली इस्त्री, गादी, पंखे, इतकंच काय दाराबाहेरचं पायपुसणंसुद्धा मी मागची चिठ्ठी वाचून घेतलेलं आहे. बायको म्हणते, "माझ्या पाठीला चिठ्ठी नव्हती, म्हणून लग्नात मी सुटले." त्यात नेमकं कोण सुटलं हा वादाचा मुद्दा आहे, पण तो मी घरात काढत नाही.

तर मुकादम हा आमचा कुत्रा. जात विचाराल तर सांगता येणार नाही. कान एका जातीचे, शेपूट दुसऱ्या जातीचं आणि पोट कुठल्याच जातीत न बसणारं. मुकादम हे नाव आमच्या लेकीनं ठेवलं. घरात कुणीही काम करायला घेतलं की हा समोर येऊन बसतो, काम नीट चाललंय ना ते बघतो आणि स्वतः एका पायाचीही मदत करत नाही. मी कपाट हलवत असलो तर तो उसासा टाकतो. कपाट जागेवर बसलं की उठून एकदा वास घेतो, म्हणजे काम मंजूर झालं.

त्याला लस द्यायला नेलं, त्या दिवशी हे प्रकरण सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पोटावरून हात फिरवला, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि दोन्हींत काहीतरी साम्य सापडल्यासारख्या म्हणाल्या, "हा आता पिल्लू राहिलेला नाही. प्रौढ झालाय. घरातलं उरलंसुरलं घालणं बंद करा. प्रौढ कुत्र्यांसाठीचं चांगल्या प्रतीचं कोरडं खाणं निवडा आणि त्यावर ठेवा त्याला. बदल करताना मात्र..."

त्या 'मात्र'च्या पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण त्याच वेळी मुकादमानं त्यांच्या वजनकाट्याची वायर तोंडात धरली आणि ती सोडवण्यात माझी बाही गेली. पण मला हवं ते मी ऐकलं होतं. 'निवडा.' हा शब्द मला फार दिवसांनी कुणीतरी विश्वासानं म्हटला होता.

संध्याकाळी मी दुकानात गेलो. एक आख्खी भिंत पोत्यांनी भरलेली. प्रत्येक पोत्यावर एक कुत्रा, आणि प्रत्येक कुत्रा नुकताच बढती मिळाल्यासारखा हसणारा.

"कसलं हवंय?" दुकानदारानं विचारलं. "लहान जात, मध्यम जात, मोठी जात?"

"मध्यम."

"सक्रिय, कमी सक्रिय, घरात राहणारा? नाजूक पोटाचा? नाजूक कातडीचा? खाण्यात चोखंदळ?"

"तो मुकादम आहे," मी म्हणालो.

मी चष्मा पुसला, गुडघ्यावर बसलो आणि पहिल्या पोत्याची मागची बाजू वाचायला लागलो. मग दुसऱ्या. तिसऱ्याचा फोटो काढला. थोड्या वेळानं माझ्याजवळ एक खुर्ची आली. मग चहा आला. मग दुकानदार हळू आवाजात म्हणाला, "साहेब, मुदत संपलेला माल आम्ही विकत नाही हं. तो कोपऱ्यातला परत पाठवायचाच आहे. तुमच्या ऑफिसातून आधीच कुणी येऊन गेले असते तर..."

मी तपासणी अधिकारी नाही, गिऱ्हाईक आहे, हे मी त्याला तीनदा सांगितलं. प्रत्येक वेळी तो जास्तच नम्र झाला. शेवटी मी काहीही न घेता बाहेर पडलो, तेव्हा तो दारापर्यंत सोडायला आला आणि घाम पुसत म्हणाला, "लक्ष असू द्या."

घरी बायकोनं विचारलं, "खाणं?"

"प्राथमिक पाहणी झाली," मी म्हणालो. तिनं मुकादमाला भाताचं भांडं दिलं आणि दार लावून घेतलं.

आमच्या इमारतीत कुठलीही गोष्ट दाराआड राहत नाही. तळमजल्यावर वकीलकाका राहतात. त्यांनी वकिली सोडून बरीच वर्षं झाली, पण वकिलीनं त्यांना सोडलेलं नाही. सकाळी जिन्यात त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला, पोत्याचा फोटो मोठा केला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे काय आहे? 'कच्ची राख'?"

इतकं वाचूनही हा शब्द माझ्या नजरेतून सुटला होता.

"राख!" काका गरजले. "जिवंत कुत्र्याला राख! आणि तीसुद्धा कच्ची! अरे, निदान नीट जाळून तरी द्या! पहिली गोष्ट, नोटीस. दुसरी गोष्ट, पुन्हा नोटीस."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनी खाली आल्या. त्या व्यायामाचे वर्ग घेतात आणि कुठलंही संभाषण प्रथिनांवर आणतात, म्हणून त्यांना सगळे प्रोटीनवहिनी म्हणतात. आता तर विषय आपल्या पायांनी त्यांच्याकडे चालत आला होता.

"भावजी, राखबिख सोडा. पहिला घटक बघा. पोत्यावर घटक वजनाच्या क्रमानं लिहितात. सगळ्यात आधी मांस असेल तर घ्या. आधी धान्य असेल तर पोतं तिथेच ठेवा." मग त्यांनी माझ्या पोटाकडे नजर टाकली. "खरं तर हा नियम घरातल्या सगळ्यांनाच लावायला हवा."

आता मला थांबणं शक्य नव्हतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी एका कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन लावला. पलीकडून मुलीचा गोड आवाज आला. तिनं सांगितलं की राख म्हणजे चुलीतली राख नव्हे. खाणं प्रयोगशाळेत जाळलं तर जे क्षार मागे उरतात, त्यांना कागदावर राख म्हणतात. (हे मी वकीलकाकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जाळून बघतात? म्हणजे पुरावा नष्ट करतात.") मग ती म्हणाली, "सर, योग्य खाणं सुचवायला थोडी माहिती हवी. आपला कुत्रा दिवसभरात किती सक्रिय असतो?"

मी घरून निघताना मुकादम उताणा पडलेला होता आणि त्यानं एक पाय भिंतीला टेकवला होता, हे मला स्पष्ट आठवत होतं. पण परक्या मुलीला, तेही ऑफिसातल्या चार माणसांच्या देखत, आपल्या घरची गोष्ट कशी सांगायची?

"अतिशय," मी म्हणालो.

"शिकार, धावणं की राखण?"

"राखण," मी म्हणालो. "आणि देखरेख."

"वा! मग सर, तुम्हाला आमचं कष्टकरी कुत्र्यांसाठीचं खास खाणं लागेल. ते दुकानात मिळत नाही. पार्सलनं पाठवू."

कष्टकरी हा शब्द ऐकून मला भरून आलं. पहिला घटक मांस आहे याची खात्री करून मी पोतं मागवलं.

पोतं आलं, पण घरी आलं नाही. पार्सल कचेरीत अडकलं. मी रजा टाकून गेलो. खिडकीतल्या कारकुनानं पार्सलची पावती उलटीसुलटी करून पाहिली.

"यावर 'खाद्यपदार्थ' लिहिलंय. माणसांच्या वापरासाठी की नाही, ते लिहिलेलं नाही."

"कुत्र्याचं खाणं आहे. वर कुत्र्याचं चित्र आहे."

"चित्रावर आम्ही जात नाही. वाघाचं चित्र असलेला मलम येतो, तो काय वाघाला लावायचा?" त्यानं पेन टोपणात घातलं. "माणसांसाठी असेल तर आरोग्य खात्याचा दाखला लागेल. माणसांसाठी नसेल तर माणूस हे खाणार नाही, अशी हमी लागेल."

"मी देतो हमी."

"तुम्ही कशी देणार? खाणारे तुम्हीच असाल तर? एखाद्या जबाबदार अधिकाऱ्याची सही आणा."

माझ्या ओळखीत जबाबदार अधिकारी एकच, माझे साहेब. दुसऱ्या दिवशी मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. 'सदर गृहस्थ कुत्र्याचं खाणं खाणार नाहीत, याची मी हमी देतो.' साहेबांनी तो कागद विम्याचा दावा वाचावा तसा वाचला. आमच्या धंद्यात कुणी कशाचीही सरळ हमी देत नाही.

"खाणार नाहीत, हे मी कसं लिहू?" ते म्हणाले. "पूर आला, जिन्यात अडकलात, घरात दुसरं काही नाही. अशा वेळी?"

"साहेब, मी कधीच नाही खाणार."

"माणूस कधीच काय करणार नाही, हे सांगता येत नाही." त्यांनी 'सामान्य परिस्थितीत' असे दोन शब्द घातले, सही केली आणि शिक्का मारायला कागद बाहेर पाठवला. बाहेर म्हणजे आमच्या संपूर्ण विभागातून. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला की कुणीतरी मान वर करून विचारतं, "आज घरचं, की पोत्यातलं?"

पोतं मिळालं. ते खांद्यावर टाकून मी जिना चढायला लागलो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोत्याचा कोपरा कठड्याच्या खिळ्यात अडकला आणि फाटला. कष्टकरी कुत्र्यांसाठीचं ते खाणं गोल आणि गुळगुळीत होतं. ते तडतड उड्या मारत पायरी पायरी उतरून खाली निघालं. खाली वकीलकाका पेपर वाचत वर येत होते.

मी धावत गेलो तेव्हा ते पायरीवर बसलेले होते. भोवती दाणेच दाणे.

"काका, पडलात?"

"मी पडलो नाही," काका मान ताठ ठेवून म्हणाले. "मी बसलो. पण जर मी पडलो असतो तर जबाबदारी कुणाची, हे लक्षात ठेव."

मी, बायको आणि लेक, तिघांनी मिळून जिना झाडला. मुकादम वरच्या पायरीवर बसून बघत होता. त्यानं वासदेखील घेतला नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

घरी त्याचं भांडं भरून पुढे ठेवलं. घरचं अन्न त्याच सकाळपासून पूर्ण बंद. त्यानं भांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, एक दाणा उचलला, तोंडात फिरवला आणि गालिच्यावर नेऊन ठेवला. दुसरा उचलला. तोही नेऊन ठेवला. मग पंजानं तोंड घासून तो निघून गेला.

"चव नाही आवडली," बायको म्हणाली.

"सवय होईल," मी म्हणालो.

सवय झाली नाही. त्या दुकानदाराकडून मी निमूटपणे दुसऱ्या कंपनीचं लहान पाकीट आणलं, मग तिसरीचं. चौकोनी दाणे, हाडाच्या आकाराचे दाणे, मासळीचे, कोंबडीचे. घरभर गालिच्यावर, चपलांत, सोफ्याच्या फटीत एकेक दाणा सापडायला लागला. जिन्यातल्या समितीचं मत एकच होतं. "भावजी, आता माघार घेतली तर हा आयुष्यभर तुम्हाला नाचवेल," प्रोटीनवहिनी म्हणाल्या. "तडजोड म्हणजे कबुली," वकीलकाका म्हणाले. एकदा बायकोनं माझ्या नकळत थोडा मऊ भात दिला, आणि तो त्यानं न चावता गिळून टाकला. मी ते पकडलं आणि विजयानं म्हणालो, "बघ! भूक आहे. नुसतं नाटक चाललंय!" आज ते वाक्य आठवलं की मला स्वतःच्या तोंडावर पांघरूण घ्यावंसं वाटतं.

शेवटी मी ठरवलं, की मुकादमाला प्रात्यक्षिक दाखवायचं. त्याला सगळ्यांच्या कामावर लक्ष ठेवायची सवय आहेच. रविवारी सकाळी मी त्याच्यासमोर गुडघ्या-हातांवर बसलो, भांड्यातला एक दाणा उचलला आणि "वा! वा!" करत तोंडात टाकला. दाणा होता खडीसारखा. माझ्या भरलेल्या दाढेतून एक कळ थेट कानापर्यंत गेली. तरी मी हसत चावत राहिलो. साहेबांची सही मोडत होती, पण ही सामान्य परिस्थिती नव्हतीच.

दार उघडंच होतं. दारात माझ्या सासूबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग भांड्याकडे. मग आत बघून हाक मारली, "अगं, जावईबापूंना नाश्ता दिला नाहीस का?"

सासूबाई दाढ काढून घ्यायला आमच्याकडे आल्या होत्या, कारण त्यांचा नेहमीचा दंतवैद्य आमच्या घराजवळ आहे. मुकादमाशी त्यांचं कधीच जमलं नव्हतं. त्या त्याला नावानं हाक मारत नसत. "ते जनावर बाहेर गेलं का?" असं विचारूनच त्या खोलीत पाऊल टाकत. आणि मी जनावराच्या भांड्यातून खाताना त्यांना दिसलो, तेव्हापासून ते वाक्य म्हणताना त्या माझ्याकडेही बघायला लागल्या.

दाढ काढून झाल्यावर त्या गालाला फडकं बांधून दिवाणखान्यात बसत. कोमट, पातळ काहीतरी वाटीतून पीत आणि बाकीच्यांच्या ताटांकडे रागानं पाहत.

इकडे मुकादम खंगत चालला होता. बरगड्या हाताला लागायला लागल्या. तरी मी स्वतःची समजूत घालत होतो. मग एक दिवस मोरीचा नळ दुरुस्त करायला नळवाला आला. त्यानं सगळी हत्यारं मांडली, नळ उघडला आणि मागे वळून विचारलं, "आज साहेब नाहीत देखरेखीला?"

मुकादम बाहेर भिंतीकडे तोंड करून पडून होता. मोरीत हातोडी वाजत होती आणि त्यानं कानसुद्धा हलवला नाही. मी त्याच्याजवळ बसलो. त्यानं डोळे वर करून पाहिलं. त्यात तक्रारसुद्धा नव्हती, आणि तेच मला सहन झालं नाही.

लेक दारात उभी होती. तिचे डोळे भरलेले. "बाबा, तुम्हाला चांगलं खाणं निवडायचंय, की त्याला जेवायला घालायचंय?"

मी उठलो, सगळ्या पाकिटांतलं थोडं थोडं घेऊन ताटलीत मांडलं आणि ती ताटली दिवाणखान्यात आणून त्याच्यापुढे ठेवली. "घे राजा," मी म्हणालो. "तूच निवड. मी हरलो."

मुकादम उठला. माझ्या शब्दाखातर उठला असावा. एक चौकोनी दाणा उचलला, तो तोंडाच्या एका बाजूला सरकवला, मान तिरकी केली, आणि दाणा खाली पडला.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी वाटी खाली ठेवली. "त्याला परत एक दे."

लेकीनं दिला. तेच झालं. दाणा एका बाजूला, मान तिरकी, दाणा खाली, पंजा तोंडावर.

"ह्याची दाढ दुखतेय," सासूबाई म्हणाल्या.

"आई, त्याला चव आवडत नाहीये," मी म्हणालो. सवयीनं म्हणालो.

"चव नंतर. आधी चावता आलं पाहिजे. दाढ काढायच्या आधी, इथे आल्यापासून मी अशीच मान वाकडी करून जेवत होते. तेव्हा मी काय तुमच्या स्वयंपाकाला नावं ठेवत होते?"

"ठेवत होतीस," बायको म्हणाली.

"ते वेगळं." सासूबाई उठल्या, गालाचं फडकं सावरलं आणि चक्क मुकादमासमोर खाली बसल्या. मुकादम घरात आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. त्यानं तो हुंगला आणि गप्प राहिला. एका गालावरून हात फिरवला, त्यानं काही केलं नाही. दुसऱ्या गालावर, डोळ्याच्या खाली हात टेकवला, आणि मुकादम कुईं करून मागे सरला.

"सूज आहे," त्या म्हणाल्या. "केसांत दिसत नाहीये. हात लावून बघा."

मी हात लावला. सूज होती. गरमही लागत होती. मी पोत्यांच्या मागचं प्रत्येक अक्षर वाचलं होतं आणि ज्यानं खायचं त्याच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

त्याला चादरीत घेऊन आम्ही दवाखान्यात पोचलो. आम्ही म्हणजे मी, बायको, लेक, हट्टानं आलेल्या सासूबाई, आणि जिन्यात आम्हाला पाहून चपला घालून निघालेले वकीलकाका नि प्रोटीनवहिनी. डॉक्टरीणबाईंनी मुकादमाचा ओठ हलकेच वर केला आणि माझ्याकडे वळल्या.

"वरची मोठी दाढ उभी चिरलीये. खाली पू झालाय. लोखंड, दगड, असं काही चावायची सवय आहे का याला?"

"दूधवाला आला की गॅलरीचा गज चावतो," लेक म्हणाली आणि रडायलाच लागली.

"लसीच्या वेळी दाढ नीट होती. नंतर कधीतरी चिरलीये. भूल देऊन काढावी लागेल. अशक्त झालाय, त्यामुळे जरा जपून करावं लागेल. इथे संमतीची सही करा."

कागद पुढे आला. दोन्ही बाजूंनी छापलेला, आणि मागची बाजू तर इतक्या बारीक अक्षरांची की एरवी मला मेजवानी वाटली असती. मी न वाचता सही केली. वकीलकाकांनी तोंड उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि परत मिटलं.

मग आम्ही बाकावर ओळीनं बसून राहिलो. प्रोटीनवहिनी पुटपुटल्या, "मीच म्हटलं होतं माघार घेऊ नका." काका म्हणाले, "तसं मत माझंही नोंदवलेलं आहे." मी म्हणालो, "हट्ट माझा होता." बायकोनं काही न बोलता माझ्या हातावर हात ठेवला. तिला बोलण्यासारखं पुष्कळ होतं, आणि तिनं ते सगळं सोडून दिलं, हे मी कधी विसरणार नाही. आतून भांड्याचा आवाज आला की सगळ्यांच्या माना एकदम दाराकडे वळत. सासूबाई मात्र सरळ समोर बघत होत्या. मध्येच एकदा म्हणाल्या, "भूल उतरताना फार थंडी वाजते. कुणी चादर आत दिलीये का?" मी चादर घेऊन धावलो.

शेवटी दार उघडलं. डॉक्टरीणबाईंच्या हातात छोटी वाटी होती आणि वाटीत ती दाढ, दोन तुकड्यांत.

"छान निघाली. जागा होतोय. शेपूट हलवतोय थोडं थोडं."

माझ्या खांद्यावरून कुणीतरी पोतं उतरवून घ्यावं तसं वाटलं. वकीलकाका खिडकीशी जाऊन मोठ्यानं नाक शिंकरायला लागले. लेकीनं आजीच्या गळ्यात हात टाकले आणि आजी "गाल, गाल! अगं, गाल सांभाळ!" म्हणून ओरडली, तेव्हा आम्ही सगळे इतके हसलो की पलीकडच्या पिंजऱ्यातलं मांजर फिस्कारलं.

मग मी भीत भीत विचारलं, "डॉक्टर, आता खाणं कुठलं?"

"तुम्ही काय आणलं होतं?"

"कष्टकरी कुत्र्यांसाठीचं."

त्यांनी आत उताण्या पडलेल्या मुकादमाकडे पाहिलं. "हा कुठे कष्ट करतो?"

"देखरेख," मी पुटपुटलो. बायको तोंडावर पदर घेऊन हसायला लागली.

"साधं प्रौढ कुत्र्यांचं घ्या. पोत्यावर 'संपूर्ण आहार' लिहिलेलं असावं, पहिला घटक मांस असावा, आणि त्याच्या वजनाला जेवढं सांगितलंय तेवढंच घाला. आधी काही दिवस पाण्यात भिजवून. आणि घरचं एकदम बंद करू नका, त्यात थोडं थोडं मिसळत जा. त्या दिवशी सांगितलं होतं मी तुम्हाला."

"त्या दिवशी मी वायर सोडवत होतो," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. बहुधा मला माफ केलं.

कष्टकऱ्यांचं पोतं शेजारच्या गोदामाच्या राखणदाराला दिलं. त्याचे कुत्रे खरोखरच कष्ट करतात, आणि ते त्यांनी मिटक्या मारत संपवलं. मुकादमासाठी मी दुकानात गेलो, सांगितलेलं साधं पोतं मागितलं आणि पाच मिनिटांत बाहेर आलो. दुकानदाराचा विश्वासच बसेना. "साहेब, पाहणी?" त्यानं विचारलं. "झाली," मी म्हणालो.

आधी भातात भिजवलेले चार दाणे. मग जास्त दाणे, कमी भात. मुकादम हळूहळू भरायला लागला. बायकोनं भिंतीत खिळा ठोकायला घेतला, तेव्हा तो येऊन समोर बसला आणि खिळा वाकडा गेल्यावर त्यानं उसासा टाकला. बायकोनं मला हाक मारून तो उसासा ऐकायला लावला.

आणि मग तो दिवस आला, ज्या दिवशी डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "आज कोरडं देऊन बघा."

आम्ही जेवायलाच बसलो होतो. लेकीनं भांडं भरून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलं आणि आम्ही कुणीच तिकडे बघत नसल्याचं नाटक केलं. मुकादम गेला. वास घेतला. माझा घास हातातच राहिला.

कुडुम.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. लेकीनं ओठ दाबून धरले.

कुडुम, कुडुम, कुडुम.

इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. भांडं फरशीवर सरकत सरकत आमच्या टेबलापर्यंत आलं, त्याच्यामागे मुकादम आला, आणि तो मान सरळ ठेवून, दोन्ही बाजूंनी, मनसोक्त चावत राहिला. आमची ताटं गार होत होती, पण कुणाला घाई नव्हती.

सासूबाईंची वाटी अजून पातळच होती. त्यांनी ती बाजूला सारली, स्वतःच्या गालाला हात लावला आणि खाली वाकून त्याच्या पाठीवर थोपटलं.

"चाव रे मुकादमा," त्या म्हणाल्या. "माझ्या वाटचंही चाव."